घडीव लोखंड: आधी खपली काढा, मग रंगाचं बोलू

मागच्या भागात आपण भट्टी आणि ऐरणीबद्दल बोललो. आज हातोडा खाली ठेवल्यानंतरच्या कामाबद्दल बोलायचंय. हे काम कंटाळवाणं आहे, हात काळे करणारं आहे आणि त्याचे पैसे द्यायला गिऱ्हाईक सहसा तयार नसतं. पण घडवलेली जाळी वर्षानुवर्षं टिकणार की दोन पावसाळ्यांत फुगणार, हे इथंच ठरतं.

गिऱ्हाइकाचा एक ठरलेला आग्रह असतो. ‘दादा, तो भट्टीतला काळा रंग तसाच राहू द्या ना, वरून फक्त लॅकर मारा.’ आग्रह मला समजतो. भट्टीतून निघालेलं लोखंड खरंच देखणं दिसतं, काळं-निळसर, जुन्या वाड्याच्या कडी-कोयंड्यासारखं. पण तो रंग नाही, ती खपली आहे.

लाल तापलेल्या लोखंडाला हवा लागली की त्याच्या अंगावर ऑक्साइडचे थर चढतात. साधारण ५७० अंश सेल्सियसच्या वर तीन थर असतात. आत वुस्टाइट, मध्ये काळं मॅग्नेटाइट आणि सगळ्यात वर पातळसं लालसर हेमाटाइट. ही खपली काचेसारखी ठिसूळ असते. लोखंड थंड होताना आकसतं, खपली त्याच मापानं आकसत नाही, मग तिला बारीक तडे जातात. त्या तड्यांतून पाणी आत शिरतं. आता खरी मेख ऐका. पाणी लागलं की खपली आणि उघडं लोखंड यांची मिळून एक छोटी बॅटरीच तयार होते आणि तिच्यात झिजतं ते लोखंड. म्हणजे जी आपल्याला चिलखत वाटते, तीच खालून गंज वाढवते. वर लॅकर असेल तर तो गंज लवकर दिसतही नाही. दिसतो तेव्हा पोपडा हातात येतो.

मग खपली काढायची कशी? अर्धं काम भट्टीवरच करून टाका. शेवटच्या दोन-तीन तापांना लोखंड लाल असतानाच तारेच्या ब्रशनं घासा. ऐरणीवर थोडं पाणी शिंपडून गरम लोखंडावर घाव घातला, तर वाफेच्या धक्क्यानं खपली उडते. मोठा आवाज होतो, तुकडे उडतात, चष्मा हवाच. खपली न झाडता ठोकत राहिलात तर ती लोखंडात रुतते आणि खड्डे पडतात. ते खड्डे नंतर कुठलाही रंग झाकत नाही.

उरलेली खपली काढायला मी आंबट पाणी वापरतो. पांढरं व्हिनेगर, नाहीतर लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड. लिटरभर पाण्याला पन्नास ते शंभर ग्रॅम. एक रात्र, कधी दीड-दोन दिवस. मग ब्रशनं घासलं की खाली राखाडी, स्वच्छ धातू दिसतो. लगेच धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा, साध्या पाण्यानं धुवा आणि गरम करून सुकवा. इथं चहा प्यायला जायचं नाही. उघडं लोखंड दमट हवेत बघता बघता पिवळं पडतं.

हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं मीठाचं ॲसिड भराभर काम करतं, मान्य. पण त्याच्या वाफा छातीत जातात आणि शेडमधली सगळी अवजारंही गंजवतात. वापरायचंच असेल तर उघड्यावर, हातमोजे घालून. आणि पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडात पाणी कधीच नाही. पाणी दिलेल्या कडक स्प्रिंगा ॲसिडात टाकू नका, त्या आतून ठिसूळ होतात.

आणखी एक. रिबिटं मारलेली, पट्ट्यांनी आवळलेली जाळी अख्खी बुडवायची नाही. सांध्यात ॲसिड अडकतं आणि महिन्याभरानं तिथून तांबडे ओघळ सुरू होतात. तुकडे आधी साफ करा, मग जोडा. जोडून झालेलीच असेल तर ब्लास्टिंग करून घ्या. मात्र वाळूनं नको. त्या धुळीनं फुप्फुसं कायमची जातात. गार्नेटसारखा माल वापरणारा माणूस शोधा.

आता वरचं आवरण. वस्तू कुठं राहणार, एवढंच विचारायचं.

घरात, कोरड्या जागी असेल तर मेण आणि जवसाचं तेल. वस्तू इतकी गरम करा की मेण लावताच वितळून पसरेल. पातळ हात द्या, जास्तीचं पुसून घ्या. काळसरपणा हवा असेल तर तो इथं येतो, खपलीशिवाय. एक धोका मात्र लक्षात ठेवा. जवसाचं तेल सुकताना स्वतः तापतं. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप पेट घेऊ शकतात. ती पाण्यात बुडवा, नाहीतर बाहेर मोकळी पसरून वाळवा.

तवा, कढई, विळीचं पातं यांना फक्त खायचं तेल. दुकानातलं डबल बॉइल्ड जवस तेल नको. ते लवकर सुकावं म्हणून त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात.

बाहेर, आणि त्यातून कोकणात, मेणावर विसंबू नका. तिथं जस्ताचा प्रायमर, मग मधला हात, मग वरचा रंग. जस्त स्वतः झिजून लोखंड वाचवतं, पण त्यासाठी ते उघड्या लोखंडाला थेट चिकटलेलं असावं लागतं. मध्ये खपली किंवा रेड ऑक्साइड असलं तर तो महागाचा प्रायमर नुसता रंग ठरतो. पाणी साचेल असे खळगे घडवतानाच टाळा. खांब काँक्रीटमध्ये शिरतो तिथं उतार द्या, गंज तिथूनच खातो. आणि खारं वारं असेल तर अधूनमधून गोड्या पाण्यानं जाळी धुवा.

जुन्या वाड्याचं काम आलं तर थांबा. जुन्या लोखंडावर शेंदराचा, म्हणजे शिशाच्या ऑक्साइडचा प्रायमर असू शकतो. कोरडं घासलं तर ते शिसं घरातल्या लेकरांच्या पोटात जातं. तिथं ग्राइंडर नाही लावायचा. आधी तपासणी, मग ओलं काम.

माझं गिऱ्हाइकांना एवढंच सांगणं असतं. बिलात ‘खपली काढणे’ ही वेगळी ओळ दिसेल, तिच्यावर घासाघीस करू नका. नक्षी थोडी कमी करू हवं तर. कारण जाळी गंजली की लोक रंगाला नावं ठेवत नाहीत. ते म्हणतात, हातानं घडवलेलं काही टिकत नाही बुवा. आणि पुढची जाळी वेल्डिंगच्या दुकानातून येते.

पुढच्या भागात रिबिटांचे सांधे घेऊ. तुमच्याकडं खपलीला वेगळा शब्द असेल तर नक्की कळवा. भेटू.