मगरिब ते इशा : गच्चीवरचं आकाश

(मोहल्ल्यातील आकाशदर्शन कार्यक्रमात केलेलं भाषण)



आज अर्धा चंद्र आहे. दुर्बिणीतून चंद्र बघायला पौर्णिमेपेक्षा ही रात्र चांगली. आज उजेड आणि अंधाराच्या सीमेवर ऊन तिरपं पडतं, त्यामुळे विवरांच्या कडांच्या सावल्या लांब दिसतात. पौर्णिमेला सावल्या जवळजवळ नसतातच, म्हणून चंद्र सपाट वाटतो.

मोहल्ल्यात दुर्बीण लावली की मला एक प्रश्न हमखास येतो : "सौदीत काल ईद झाली, मग आपली आज का?" अमावास्येनंतर चंद्र सूर्यापासून तासाला सुमारे अर्धा अंश दूर सरकतो. मुंबईत सूर्य मावळल्यावर दोन-सव्वादोन तासांनी तो मक्केत मावळतो. तेवढ्या वेळात चंद्र सूर्यापासून आणखी एक अंश लांब गेलेला असतो, कोर थोडी जाड झालेली असते. म्हणून पश्चिमेकडच्या देशांत ती एक दिवस आधी दिसू शकते. ईद कधी करायची हे चाँद कमिटी ठरवेल. पण कोर का दिसली नाही, हे तुम्हाला घरात दादीला समजावता आलं पाहिजे. दर वर्षीचं निम्मं भांडण तिथंच मिटेल.

दुसरा विषय ग्रहणाचा. गरोदर बाईनं ग्रहणात चाकू-कात्री हातात घेऊ नये, हे आपल्याही घरांत ऐकू येतं. पैगंबरांचा लहानगा मुलगा इब्राहिम वारला त्या दिवशी सूर्यग्रहण लागलं. लोक म्हणू लागले, त्याच्या मृत्यूमुळेच सूर्य काळवंडला. पैगंबरांनी ते नाकारलं. कुणाच्या मरणानं किंवा जन्मानं ग्रहण लागत नाही, असं त्यांनी सांगितल्याचं हदीसमध्ये आहे. स्वतःचं मूल गेलेलं असताना त्यांनी हे सांगितलं. मग आपण कात्री लपवून का ठेवायची?

आता पूर्वेकडे वर बघा. ताऱ्यांचा तो छोटा पुंजका म्हणजे कृत्तिका. अरबीत त्याचं नाव सुरैया. इथं कुणी सुरैया असेल तर तिनं आपलं नाव आज आकाशात बघून घ्यावं. त्याच्या मागोमाग येणारा तांबूस तारा रोहिणी. अरबांनी त्याला अल्-दबरान म्हटलं, म्हणजे मागून येणारा. जगभरच्या नकाशांवर तेच नाव अल्डेबरान म्हणून छापलं जातं. रोहिणी आणि दबरान, दोन्ही नावं आपली आहेत. एक शाळेतून आलं, एक अरबीतून.

या नावांचा अभिमान जरूर बाळगा, पण तेवढ्यावर थांबू नका. दहाव्या शतकात अल्-सूफी यांनी देवयानी दीर्घिकेची नोंद "छोटा ढग" अशी केली. समरकंदच्या उलुग बेग यांनी 1437 मध्ये हजारावर ताऱ्यांची यादी पुरी केली. 1449 मध्ये त्यांची हत्या झाली, वेधशाळा ओस पडली आणि मातीखाली गेली. 1908 मध्ये तिचे अवशेष उकरून काढावे लागले. ताऱ्यांची नावं टिकली, पण तिथं रोज रात्री आकाश बघणारी माणसं उरली नाहीत. आपल्यापुढचा खरा प्रश्न हा आहे.

पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून हौशी लोकांना आकाश दाखवते आहे. राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त आयुका सर्वांसाठी खुली होते. मुंबईत नेहरू तारांगण आहे. ही दारं आपल्यालाही उघडी आहेत, पण तिथल्या रांगेत आपली मुलं कमी दिसतात. मुली तर आणखी कमी, कारण कार्यक्रम रात्री असतो आणि घरून परवानगी मिळत नाही.

म्हणून माझं म्हणणं आहे की आकाशदर्शन आपल्या गच्चीवर आणा. मगरिब ते इशा हा वेळ पुरेसा आहे. बिल्डिंगच्या लोकांना सांगून गच्चीवरचे दिवे तेवढे मालवा. महागडी दुर्बीण नसली तरी चालेल. साध्या द्विनेत्रीतून चंद्राची मोठी विवरं आणि सुरैयाचे कितीतरी जास्त तारे दिसतात. अम्मी आणि खाला यांना आधी बोलवा. त्या वर आल्या की मुलींना कुणी खाली थांबवत नाही.

आणि प्रश्न विचारा. डॉ. जयंत नारळीकर सही मागणाऱ्या शाळकरी मुलांना सांगत, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. तुम्ही सहीसाठी नाही, उत्तरासाठी विचारा. मला येत नसेल तर आपण मिळून शोधू.

चला, रांग लावा. लहान मुलं पुढे, आणि दुर्बिणीला हात न लावता नुसता डोळा जवळ न्या.