समाजपोषणाच्या वर्गात मी काय पाहिले

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसबाईंनी मला बोलायला सांगितले तेव्हा विषय दिला तो एवढाच, “तुझ्या अभ्यासाचे काहीतरी सांग.” आता अभ्यासाचे सांगावयाचे तर जीवनसत्त्वांची भली मोठी यादी होईल, आणि आत वडे तळले जात असताना ती कोण ऐकून घेणार? तेव्हा ती यादी मी घरीच ठेवून आले आहे. समाजपोषण हा विषय आम्हांला या वर्षी होता. त्यासाठी चार महिने गंगेपलीकडील एका वस्तीत आणि दहा दिवस जव्हार तालुक्यात जावे लागले. तेथे जे पाहिले तेवढेच सांगते.

आहारशास्त्र म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर रुग्णालय येते. तेथे रोगी आपण होऊन आमच्याकडे येतो, त्याच्या हातात तपासणीचा कागद असतो, आणि भीतीपोटी का होईना, तो आमचे ऐकतो. समाजपोषणात सारेच उलटे. आपण लोकांच्या दारात जायचे, आणि ज्यांना काही झालेले नाही, निदान तसे त्यांना वाटते, अशांना ऐन कामाच्या वेळी विचारायचे की, काल तुम्ही काय खाल्ले? अनोळखी मुलीला हे कोणी का म्हणून सांगावे? माहिती लिहून नेणारे, साबण विकणारे आणि मते मागणारे यांच्या रांगेत वस्तीने आम्हांला चौथ्या क्रमांकावर उभे केले होते. आत घेतले ते अंगणवाडीच्या सेविकाताईंमुळे. त्या पुढे असल्या की दार उघडे.

या विचारण्याची एक ठरलेली रीत आहे. गेल्या चोवीस तासांत पोटात काय काय गेले ते माणसाकडून आठवून घ्यायचे. बरोबर निरनिराळ्या मापांच्या वाट्या, पळ्या आणि चमचे न्यायचे. “भात किती?” याला “थोडासा” हे उत्तर चालत नाही, वाटी पुढे करून ही भरून की अर्धी, असे विचारायचे. भाकरीसाठी कागदाचे गोल कापून नेलेले असतात. रात्री घरी बसून त्या वाट्यांचे वजन करायचे आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांवरून उष्मांक, प्रथिने, लोह यांचा हिशेब मांडायचा. आमच्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावले होते, “बाईला ‘काय खाल्लेस’ असे एकदम विचारू नका. ती काय शिजवले ते सांगेल. ‘किती वाजता उठलीस, मग काय केलेस’ असे सुरू करा.”

याचा अर्थ मला एका घरी नीट उलगडला. त्या ताई चार घरची धुणीभांडी करीत. पंचविशीच्या असतील. घरात नवरा, सासू, पाच वर्षांची मुलगी आणि चौदा महिन्यांचा मुलगा. मी वाट्या मांडल्या. “पाचला उठले. पाणी भरलं. च्या ठेवला. ह्यांचा डबा केला, तीन पोळ्या आन् बटाट्याची भाजी. पोरीला पोळी दिली गुळासंगं. आत्याबाईंना च्या-बटर.” सगळे धडाधड, एकही वाटी न चुकता. मग मी विचारले, “आणि ताई, तुम्ही?” त्या थांबल्या. जणू हा प्रश्न शेजारणीविषयी होता. “मी च्या पिले. मंग कामावर गेले. एका घरी पुन्हा च्या दिला. दुपारी आल्यावर उरलं ते खाल्लं.”

“उरलं ते” यासाठी आमच्याकडे वाटी नव्हती. खोदून खोदून विचारता ते एक पोळी, शेंगदाण्याची चटणी आणि भांड्याच्या बुडाशी राहिलेला वरणाचा रस्सा असे निघाले. रात्रीही तसेच. रात्री मी हिशेब मांडला. घरात शिजलेल्या एकंदर अन्नाला माणसांनी भागले तर ते घर काही फार उपाशी नव्हते. परंतु अन्न असे भागले जात नाही. ते वाढले जाते. आणि वाढणारीचे ताट सर्वांत शेवटी मांडले जाते. बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह आहारातून मिळावे असे आपल्याकडचे मान आहे. त्या ताईंच्या दिवसात त्याच्या निम्मेही भरले नाही, आणि जे भरले त्यावर चार वेळा चहा.

त्याच घरातील लहान मुलाची हकीगत सांगते. अंगणवाडी ही आपल्याकडे एकात्मिक बालविकास योजनेतून आली; ती योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तेथे दर महिन्याला मुलांची वजने होतात, आणि दंडाचा घेर एका पट्टीने मोजतात. साधी तीन रंगांची पट्टी. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाचा दंड साडेबारा सेंटिमीटर किंवा अधिक भरला तर हिरवा. साडेअकरा ते साडेबारा पिवळा. साडेअकराच्या खाली लाल. लाल म्हणजे मूल गंभीर कुपोषित, त्याला डॉक्टरांना दाखवावेच लागते. या बाळाचा दंड ११.८ भरला. लाल रंगापासून तीन मिलिमीटर. एखादा जुलाब, एखादा आठवडाभराचा ताप, की ते तीन मिलिमीटर संपले.

आई कामावर, तेव्हा बाळ आजीच्या हाती. आजी त्याला डाळीचे पाणी पाजत, आणि रडले की चहात बुडविलेले बिस्कीट. डाळीचे पाणी म्हणजे बहुतेक पाणीच. अशा वयाच्या मुलाचे पोट एका वेळी फार तर दीड वाटी अन्न घेते. ते पाण्यानेच भरले तर दाट अन्नाला जागा कोठे राहणार? हे मी वर्गात शिकले होते. परंतु पाच मुले वाढविलेल्या बाईला वीस-बावीस वर्षांच्या मुलीने हे शिकवावे, हे काही शोभत नाही आणि चालतही नाही. मी विचारले, “आजी, गावाकडे तुमच्या मुलांना काय घालत होतात?” मग मात्र आजी खुलल्या. ज्वारीच्या कण्या ताकात शिजवलेल्या, नागलीची आंबील, हुलग्याचं माडगं. “तवा गाय होती दारात. हितं काय हाय?” इथे काय आहे ते मग आम्ही दोघींनी मिळून डबे उघडून पाहिले. कण्या होत्या, तूरडाळ होती, तेल होते, शेंगदाणे होते. आजींनी कण्या आणि डाळ एकत्र दाट शिजविल्या, त्यात चमचाभर तेल आणि दाण्याचे बारीक कूट घातले. एक चमचा तेलाने पंचेचाळीस उष्मांक वाढतात आणि वाटी मात्र तेवढीच राहते, ही त्यातली खुबी. दिवसातून पाच वेळा, अर्धी-अर्धी वाटी, असे ठरले. अंगावरचे दूध होतेच. चहा-बिस्कीट अगदी सुटले असे म्हणणार नाही. आजींनी ते माझ्या पाठीमागे दिलेच असणार.

चार आठवड्यांनी पट्टी १२.३ वर आली. अजून पिवळ्यातच, पण लाल दूर राहिले. सेविकाताईंना माझ्यापेक्षा अधिक आनंद झाला असावा. मी परत जाणार होते, त्या तेथेच राहणार होत्या.

त्याच दिवशी मी पुन्हा वाट्या मांडून त्या ताईंचे चोवीस तास लिहून घेतले. सारे पूर्वीसारखेच होते. एक गोष्ट मात्र कमी होती, शेंगदाण्याची चटणी. दाणे तेवढेच येतात, आता त्यांचे कूट बाळाला लागते, म्हणून चटणी करणे त्यांनी सोडले होते. कोणी तसे सांगितले नव्हते. त्यांना ते सांगण्यासारखेही वाटले नाही. मी विचारले म्हणून कळले. मुलाच्या दंडावर चढलेले पाच मिलिमीटर कोणाच्या ताटातून आले होते, हे कोणत्याच पट्टीवर दिसत नव्हते.

यानंतर आम्ही जव्हारला गेलो. त्र्यंबक, मोखाडा असा तो घाटाचा रस्ता आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. १९९२-९३ साली वावर-वांगणीच्या बालमृत्यूंमुळे हा तालुका साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाला. तेथील जमीन डोंगरउताराची. नागली, वरई, भात पिकतो. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, शेवळी अशा रानभाज्या बायका टोपलीभर आणतात. ज्या नागलीला आपण शहरात गरिबांचे धान्य म्हणून नाक मुरडत होतो, तिच्या शंभर ग्रॅममध्ये ३६४ मिलिग्रॅम चुना, म्हणजे कॅल्शियम, असते. पांढऱ्या तांदळात दहासुद्धा नसते. (आता तीच नागली शहरातील दुकानात बिस्किटे होऊन दामदुप्पट भावाने येते, हा भाग निराळा.) पण धान्य संपते ते आषाढ-श्रावणात, लावणीच्या ऐन कष्टांत, आणि दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. तेथे सांगण्यासारखे पुष्कळ आहे. वेळ थोडा म्हणून एकच सांगते.

आदिवासी भागात २०१५ पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू झाली. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना अंगणवाडीत एक पुरे गरम जेवण मिळावे, अशी ती योजना. आम्ही गेलो त्या दिवशी भात, डाळ, पालेभाजी, भाकरी आणि एकेक अंडे होते. सात बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि मदतनीस बाई त्यांना वाढीत होत्या. एवढेच. पण मी दारातच उभी राहिले, कारण चार महिने मी बायका वाढताना पाहिल्या होत्या. एखादीला कोणी वाढीत आहे असे दृश्य पाहिलेच नव्हते. त्यांतील एकीने अंडे पदराच्या टोकात गुंडाळले. घरी मोठा मुलगा होता. सेविकाबाई हसून म्हणाल्या, “त्याला मी उद्या अंगणवाडीत देते. हे तुझं.” तिने गाठ सोडली आणि खाल्ले, जरा लाजत.

गरोदर बाईला सरकार घरी नेण्यासाठी कोरडा शिधाही देते, अन्यत्र तीच पद्धत आहे. त्यात ६०० उष्मांक आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिने बसवायची असतात, आणि कागदावर ती बसतात. परंतु शिधा घरात गेला की तो घराचा होतो. माझे स्वतःचे मत असे बनले आहे की, जेथे जेवण बसवून दिले जाते तेथेच ते त्या बाईचे राहते. तज्ज्ञांत यावर मतभेद आहेत. सर्वांना रोज अंगणवाडीपर्यंत येणे जमत नाही, शेतीचे दिवस असतात, पाऊस असतो. ते खरेच आहे.

आता थोडे आपल्याविषयी. हे सारे वस्तीतले आणि डोंगरातले, असे कोणाला वाटत असेल तर सांगते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के पांडुरोगी, म्हणजे रक्तातील हिमोग्लोबिन कमी असलेल्या, आढळल्या. आधीच्या पाहणीत हा आकडा ४८ होता. शंभरात चौपन्न म्हणजे त्यात फक्त गरीब घरे नसतात. सरावासाठी म्हणून मी याच मंडळातील चार घरी वाट्या घेऊन आले होते. कोणाचे नाव सांगत नाही, काळजी नसावी! कूकर मोठा, डबे भरलेले, फ्रिजमध्ये दूध. आणि उत्तर? “सकाळचं उरलं होतं, ते संपवलं. टाकून कसं द्यायचं?” शब्द जरा शुद्ध, एवढाच फरक. एका काकूंनी तर आठवड्यातले तीन उपवास आधीच वजा करून घ्यायला सांगितले.

चिटणीसबाईंनी काही उपयोगाचेही सांग म्हटले आहे, म्हणून घाईने दोन गोष्टी. जेवणावर लगेच चहा घेऊ नका, तास-दीड तास जाऊ द्या; चहामुळे अन्नातील लोह अंगी लागत नाही. उलट, पालेभाजीवर किंवा मोड आलेल्या मटकीवर लिंबू पिळले तर तेच लोह अधिक लागते. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या असतील तर शौचाचा रंग काळा होतो, त्याला भिऊन त्या बंद करू नका. आणि कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घेऊ नका.

शेवटी एक विनंती. आपल्या मंडळाचे स्वयंपाकघर दिवाळीचा फराळ सोडला तर वर्षभर दुपारी बंद असते. वस्तीतील अंगणवाडीच्या ताईंकडे आज सहा गरोदर आणि पाच पाजत्या बायका आहेत. आठवड्यातून एक दुपार, शुक्रवारची, त्या अकराजणींना येथे बोलवावे, नागलीची भाकरी, डाळ, पालेभाजी, असे साधेच जेवण करावे आणि पंगत घालून वाढावे, असे मी सुचविले आहे. अध्यक्षाबाईंनी हा विषय कार्यकारिणीपुढे ठेवण्याचे कबूल केले आहे. खर्चाचा अंदाज मी लिहून दिला आहे, तो फार नाही. डबा घरी न्यायचा नाही, एवढी एक अट मात्र सेविकाताईंनी आणि मी दोघींनी घातली आहे. लहान मुले बरोबर आली तर त्यांना निराळे वाढू. भाकऱ्या थापायला दोघी आणि वाढायला तिघी लागतील; ज्यांना शुक्रवारी दुपारी बारा ते दोन मोकळे असेल त्यांनी आज जाण्यापूर्वी माझ्याकडे किंवा चिटणीसबाईंकडे नाव द्यावे.