शोधशब्द आणि सरळ वाक्य



माझे एक स्नेही देवगड तालुक्यांत राहतात. त्यांची हापुसाची बाग आहे. पूर्वीं त्यांचा सगळा माल दलालामार्फत मुंबईस जात असे. अलीकडे ते थेट गिऱ्हाइकांकडे पेट्या पाठवितात, आणि त्यासाठीं त्यांनीं आंतरजालावर स्वतःचें एक पान उघडलें आहे. गेल्या माघांत ते मजकडे आले ते हातांत एक छापील कागद घेऊनच. त्या पानावर घालण्यासाठीं त्यांनीं पैसे मोजून एका जाहिरातदाराकडून लेख लिहवून घेतला होता. ते म्हणाले, "गुरुजी, तुम्ही जन्मभर मराठी शिकवलीत. हें जरा वाचा, आणि हें कोणासाठीं लिहिलें आहे तेवढें मला सांगा."

मी मोठ्यानें वाचूं लागलों. लेखाचा आरंभ असा होता: "आपण देवगड हापूस आंबा ऑनलाइन शोधत असाल तर देवगड हापूस आंबा ऑनलाइन घेण्यासाठीं आमचा देवगड हापूस आंबा ऑनलाइन उत्तम आहे." अर्ध्या पानांत हे चार शब्द याच क्रमानें सतरा वेळां आले होते. दुसऱ्या परिच्छेदापाशीं आम्ही दोघेहि हंसलों. परंतु स्नेह्यांचें हंसूं फार वेळ टिकलें नाहीं. वर्षभर झाडापाशीं राबावें, मोहोर तुडतुड्यांपासून राखावा, एकेक फळ देठासकट उतरवावें, आणि अखेर त्याची ओळख जगाला अशी करून दिली जावी, याचें त्यांना वाईट वाटलें.

या चार शब्दांना त्या धंद्यांत कीवर्ड म्हणतात. आपण शोधशब्द म्हणूं. एखादी वस्तु हवी असली कीं माणूस गूगलसारख्या शोधयंत्रापुढें जे शब्द लिहितो ते शोधशब्द. ग्रंथाच्या शेवटीं जशी विषयांची सूचि असते, तशी कोट्यवधि पानांची सूचि हें यंत्र आधींच करून ठेवतें. तेव्हां आपल्या लेखांत गिऱ्हाइकाचा शब्दच नसेल, तर त्याची व आपली गांठ पडणें कठीण. जाहिरातदाराचें एवढें म्हणणें खरें होतें. चूक झाली ती पुढें.

कोणता शब्द लेखाचा विषय सांगतो, हा प्रश्न आंतरजालाहून जुना आहे. 1958 सालीं आय.बी.एम. कंपनींतील हान्स पीटर लून यांनीं यंत्राकडून लेखाचा सारांश काढवितांना असें मांडलें कीं, अतिशय वारंवार येणारे शब्द आणि अगदीं क्वचित् येणारे शब्द दोन्ही बाजूस ठेवावे. विषय सांपडतो तो मधल्या शब्दांत. पुढें 1972 सालीं केंब्रिज येथील कॅरन स्पार्क जोन्स या विदुषींनीं दाखविलें कीं, जो शब्द सर्वच लेखांत आढळतो त्याचें मोल कमी, आणि जो थोड्याच लेखांत आढळतो त्याचें मोल अधिक. शब्द मोजतांना त्याचें वजनहि पाहावें लागतें, हें तेव्हांपासून ठाऊक आहे.

तरीहि 1990 नंतरच्या दशकांत आरंभींचीं शोधयंत्रें पुनरुक्तीला भुलत असत. लोकांनीं तें ओळखलें. पांढऱ्या पानावर पांढऱ्याच अक्षरांत एक शब्द शेंकडों वेळां लिहिण्यापर्यंत मजल गेली. वाचकाला कोरी जागा दिसे, यंत्राला मात्र शब्दांची रास. पण यंत्रेंहि शिकलीं. पानाच्या पोटांत, वाचकाला न दिसणारी शोधशब्दांची जी यादी लिहितात, ती आपण क्रम लावतांना विचारांत घेत नाहीं, असें गूगलनें सप्टेंबर 2009 मध्यें जाहीर केलें. ऑक्टोबर 2019 मध्यें बर्ट नांवाची पद्धति आली. ती शब्द एकटा न पाहतां वाक्यांतील आगच्यामागच्या शब्दांशीं असलेला त्याचा संबंध पाहते. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत ती 70 हून अधिक भाषांना लागू झाली, आणि त्यांत आपली मराठी आहे. आज शब्दांची कोंबाकोंब गूगलच्या नियमांत उघड निषिद्ध मानलेली आहे. सतरा वेळां लिहिलेला शब्द वाचकाला तर विटवितोच, पण ज्या यंत्रासाठीं तो लिहिला त्यालाहि रुचत नाहीं.

मराठींत या कोंबाकोंबीचा दोष अधिकच उघडा पडतो. आपल्या भाषेंत नाम वाक्यांत शिरलें कीं रूप बदलतें. आंबा आंब्याचा होतो, पेटी पेटींत जाते, देवगड देवगडचा होतो. शोधणारा मनुष्य घाईनें "देवगड हापूस आंबा पेटी किंमत" असें लिहितो. तें वाक्य नव्हे, ती तार आहे. तारेला उत्तर देतांना आपणहि तारेच्या भाषेंत बोलावें असें नाहीं. "देवगडच्या हापूस आंब्याच्या पेटीची किंमत फळाच्या आकारावर ठरते," हें सरळ वाक्य लिहावें. त्यांत गिऱ्हाइकाचे सगळे शब्द आलेच आहेत. मूळ रूप हवें असेल तर तें मथळ्यांत किंवा चित्राखालच्या ओळींत सहज बसतें. तेथें विभक्तीची अडचण येत नाहीं.

मग तो लेख आम्ही पुन्हां लिहावयास बसलों. आधीं मीं स्नेह्यांना विचारलें, "गिऱ्हाइकें तुम्हांला दूरध्वनीवर काय काय विचारतात?" ते भराभर सांगूं लागले. पेटी उघडली तर आंबे हिरवे दिसतात, ते खाण्याजोगे केव्हां होतील? पेंढ्यांत ठेवावे कीं शीतकपाटांत? आंत साका असेल तर तो बाहेरून ओळखतां येतो का? हापूस आणि पायरी यांत फरक कोणता? अल्फान्सो म्हणतात तो हाच का? मीं हे प्रश्न एकाखालीं एक मांडले आणि म्हटलें, "हेच तुमचे शोधशब्द. यांचीं खरीं उत्तरें लिहा." एकेक प्रश्न एकेका भागाचा मथळा झाला. साका फळ कापल्यावांचून कळत नाहीं, हेंहि त्यांनीं लपविलें नाहीं. तसा आंबा निघाल्यास काय भरपाई देऊं, तें खालीं लिहिलें. लेख पुरा झाल्यावर मोजून पाहिलें, तों "देवगड हापूस" हे शब्द सहा वेळां आले होते, आणि एकदांहि ते मुद्दाम घातलेले नव्हते.

यावरून एक साधी कसोटी सांगतों. ज्या शब्दाविषयीं शंका असेल तो वाक्यांतून काढून पाहावा. अर्थ लंगडा झाला, तर शब्द तेथलाच आहे. वाक्य मोकळें झालें, तर तो तेथें उपरा होता. आणि लेख एकदां मोठ्यानें वाचावा. जिभेला जें अडतें तें डोळ्यालाहि अडतें.

एक गोष्ट मात्र याहून गंभीर आहे. जाहिरातदारानें स्नेह्यांना आणखी एक सल्ला दिला होता: "रत्नागिरी हें नांवहि लेखांत घाला, तें पुष्कळ लोक शोधतात." स्नेह्यांची बाग देवगडास, रत्नागिरीस त्यांचें एकहि झाड नाहीं. हापुसाला 2018 सालीं भौगोलिक उपदर्शन मिळालें. त्यांत रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे पांच जिल्हे येतात. म्हणजे स्नेह्यांच्या आंब्याला स्वतःचें खरें नांव आहे. त्यांनीं दुसऱ्याचें नांव उसनें घ्यावें कशाला? ते म्हणाले, "गुरुजी, बाहेरचा आंबा हापूस म्हणून खपवितात, त्याविरुद्ध आम्हीच ओरडतों, मग आम्हीच असें करावें काय?" या प्रश्नाला उत्तर नव्हतें. तो शब्द आम्ही घातला नाहीं.

शोधशब्द ही बाजारांतली दुकानाची पाटी आहे. पाटी नसेल तर गिऱ्हाईक पुढें निघून जाईल, हें खरें. पण एकाच दुकानावर सतरा पाट्या लावल्या तर दार दिसेनासें होतें. आणि पाटीवर एक व आंत दुसरेंच असलें, तर आलेलें गिऱ्हाईक पुन्हां येत नाहीं. चांगला लेख लिहिला म्हणजे आपलें पान सर्वांच्या वर येईलच, असें आश्वासन कोणीहि देऊं नये. तेथें स्पर्धा मोठी आहे आणि काळहि लागतो. मात्र जो वाचक आला, तो लेख वाचून पेटी मागवील कीं कंटाळून परत जाईल, हें आपल्या वाक्यांवर अवलंबून आहे. तें यंत्राच्या हातीं नाहीं.

लिहितांना शोधशब्दाकडे यंत्राचें आमिष म्हणून पाहूं नका. तो कोणा माणसानें विचारलेला प्रश्न आहे, असें समजून त्याला उत्तर द्या. मग तो शब्द कोठें आणि किती वेळां घालावा, हें कोणाला विचारावें लागणार नाहीं.