घाटापलीकडची मिरी



अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, सिअ‍ॅटलच्या ईशान्येला, समामिश नदीकाठी बॉथेल नावाचं गाव आहे. नदीच्या उलट्या दिशेनं काही मैल गेलं की वुडिनव्हिल लागतं. तिथे रस्त्याच्या दोन्ही अंगांना वाइनरी आणि वाइन चाखायच्या खोल्या आहेत. नाशिककडच्या माणसाला मात्र एक गोष्ट लगेच खटकते, इथे द्राक्षबागा जवळपास नाहीतच!

याचं कारण कॅस्केड पर्वत. समुद्राकडून आलेले ढग त्याच्या पश्चिमेला रिते होतात. म्हणून बॉथेल हिरवंगार, पण ढगाळ, आणि लाल वाइनच्या द्राक्षांना पिकायला लागणारी ऊब इथे पुरत नाही. पलीकडच्या याकिमा खोऱ्यात वर्षाला जेमतेम आठ इंच पाऊस. कोयनेला धो धो आणि माण-खटावला कोरडं, तसंच हे. पलीकडे पाणी कालव्यांचं आणि ऊन भरपूर. सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडणी झाली की घड ट्रकमध्ये भरून, घाट ओलांडून, वुडिनव्हिलला येतात.

मला सांगायचं आहे ते या घडांतल्या सिरा द्राक्षाच्या लाल वाइनविषयी. नाशिकला शिराझ म्हणतात तेच हे द्राक्ष. १९६२ साली वॉशिंग्टन विद्यापीठातल्या काही प्राध्यापकांनी हौसेतून एक वाइन कंपनी काढली. तीच पुढे कोलंबिया वाइनरी झाली आणि वुडिनव्हिलला आली. तिचे वाइनमेकर डेव्हिड लेक यांनी माइक सॉअर या बागायतदाराला रेड विलो बागेत सिरा लावायला राजी केलं. लागवड १९८६ची. १९८८च्या पिकातून राज्याची पहिली सिरा निघाली. एका बागायतदारानं कुणी न लावलेलं वाण वाइनमेकरच्या शब्दावर लावायचं, यातला विश्वास मला फार मोठा वाटतो. सॉअर यांनी बागेतल्या टेकडीच्या माथ्यावर छोटं दगडी चॅपलही बांधलं, फ्रान्सच्या ऱ्होन खोऱ्यातल्या हर्मिटाज टेकडीवर आहे तसं.

रेड विलो याकिमा खोऱ्याच्या पश्चिम टोकाला, उंचावर आहे. अशा थोड्या थंड जागी सिराला काळ्या मिरीचा वास येतो. तो खरोखर मिरीचाच असतो! रोटंडोन नावाचं एकच द्रव्य मिरीतही असतं आणि या द्राक्षातही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ते २००८ साली दाखवून दिलं. गंमत अशी, की पाच माणसांत साधारण एकाला हा वास येतच नाही. तेव्हा मिरी कुठे लागते यावरून घरात वाद झाला तर दोघंही खरं बोलत असतात.

हे द्रव्य असतं सालीत. लाल वाइन रसासकट साली आंबवूनच करतात. आंबताना साली वर येतात, त्यांचा जाड थर बनतो. तो दिवसातून दोन-तीनदा खाली दाबायचा, नाहीतर खालचा रस वर फिरवायचा. रंग, तुरटपणा आणि मिरी अशीच रसात उतरते. मग साली पिळून काढायच्या आणि वाइन ओकच्या पिंपांत मुरू द्यायची.

आता जेवणाचं. मिरी, दगडफूल, भाजलेलं सुकं खोबरं घातलेल्या काळ्या मसाल्याचं सुकं मटण या वाइनबरोबर सुरेख लागतं. मटणातली प्रथिनं आणि चरबी यांनी वाइनचा तुरटपणा मऊ होतो. शाकाहारी असाल तर भरलं वांगं घ्या, त्यातलं दाण्याचं कूट तेच काम बऱ्यापैकी करतं. पण झणझणीत तांबड्या रश्श्यापुढे सिरा ठेवू नका. अल्कोहोलनं तिखट आणखी भडकतं आणि वाइन नुसती कडू लागते. बाटली उघडण्याआधी फ्रिजमध्ये ठेवून थोडी गार करा. सोळा ते अठरा अंशांवर मिरी ठळक जाणवते. मे महिन्यातल्या आपल्या घरातल्या तापमानाला ती अल्कोहोलच्या भपक्यात हरवते.