हनुवटी वर करून पाहणारी मुले

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक विद्यार्थी होता. मी शिकवू लागलो की हा हनुवटी वर करून, अर्ध्या मिटल्या पापण्यांखालून माझ्याकडे पाही. मला वाटले, स्वारी मोठी मानी दिसते. एके दिवशी चारचौघांत त्याला बोललो, "अहो, मान जरा खाली ठेवून ऐकलंत तरी चालेल." वर्ग हसला. पुढे त्याचे वडील फी भरायला आले, तर तेही तस्सेच, हनुवटी वर करून बोलत होते. तेव्हा मात्र मी वरमलो. बापलेकांच्या पापण्या जन्मापासून पुरत्या उघडत नव्हत्या, बुबुळेही वर जात नव्हती. समोरचे दिसावे म्हणून दोघे मान मागे टाकीत, एवढेच.

असा एक विकार आहे आणि तो घराण्यात चालतो. डॉक्टरांनी त्याला जे नाव दिले त्याचा अर्थ असा की, डोळे हलवणारे स्नायू जन्मतःच तंतुमय, ताठर झालेले असतात. म्हणजे दोष कोठे आहे हे नावातच सांगून टाकलेले! पण ते खरे निघाले नाही.

आपला प्रत्येक डोळा फिरवायला सहा स्नायू असतात आणि मेंदूकडून त्यांच्याकडे तीन मज्जातंतू येतात. सहा बैल आणि तीन कासरे म्हणा ना. ह्यांतल्या एका तंतूची वरची फांदी दोन कामे करते : डोळा वर फिरवणे आणि पापणी उचलणे. आता बैल अडला की आपण आधी बैलाचेच पाय बघतो. डॉक्टरांचेही तसेच झाले. ते स्नायूच तपासत राहिले.

अमेरिकेत बोस्टन शहरी मुलांचे मोठे रुग्णालय आहे. तेथील डॉ. एलिझाबेथ एंगल ह्यांनी ह्या विकाराचा पिच्छा पुरवला. त्यांचे पहिले हत्यार म्हणजे वंशावळ. आजोबांना विकार होता का, त्यांच्या कोणत्या मुलांना आला, कोणत्या सुटल्या, हे कागदावर मांडायचे आणि आजारी व निरोगी अशा दोन्ही नातलगांचे रक्त तपासायचे. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात. विकार असलेल्या सर्वांत समान आणि निरोगी नातलगांत नसलेला तुकडा शोधता शोधता १९९४ साली ठिकाण सापडले : बारावे गुणसूत्र. गाव कळले, घर अजून कळायचे होते.

मध्येच, १९९७ साली, एक महत्त्वाची गोष्ट उघडकीस आली. अशाच एका घराण्यातील मृत व्यक्तीचे डोळे व मेंदू तपासले, तेव्हा ती वरची फांदी तेथे नव्हतीच! कासराच नाही, तर बैल चालणार कसा? तंतू पोचलाच नाही, म्हणून स्नायू नीट घडला नाही. मूळ दोष स्नायूचा नव्हे, मज्जातंतूचा होता.

२००३ साली जनुकही हाती लागले. त्याचे नाव केआयएफ-२१ए. ह्या जनुकाच्या सांगण्यावरून पेशीत जे प्रथिन तयार होते, ते एक हमालच आहे. मज्जातंतूच्या आतल्या वाटांवरून ते चालते. नवल असे की, एकमेकांशी काही नाते नसलेल्या कितीतरी कुटुंबांत बदल जनुकातल्या त्याच एका जागी झालेला आढळला. मग २०१४ साली उंदरांवरील प्रयोगांतून उलगडले की, हा हमाल दुबळा झालेला नसतो. उलट त्याचा ब्रेक सुटलेला असतो! जेथे थांबायचे तेथे तो थांबत नाही आणि वाढणारा तंतू वाटेतच अडतो.

हे सारे गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत घडते. आणि जनुकातला बदल तर त्याच्याही आधीचा, गर्भ राहिला तेव्हापासूनचा. मग ग्रहणात आईने भाजी चिरली म्हणून असे झाले, हे कसे बसायचे? आमच्याकडे सुनेला हे हमखास ऐकावे लागते, म्हणून मुद्दाम सांगतो. बाप किंवा आई, कोणालाही हा विकार असला तर प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी असते, मुलगा असो वा मुलगी. आणि कधी कधी आईबाप दोघे निरोगी असूनही बदल नव्यानेच होतो. त्यात कोणाचाच अपराध नाही.

दुसरा एक विकार तुम्ही पाहिला असेल. मुलाची बुबुळे सारखी थरथरत असतात. त्याच्या एका प्रकाराचे जनुक २००६ साली एक्स गुणसूत्रावर सापडले. ते मुलाला आईकडून मिळते, बापाकडून नव्हे. आणि पुष्कळदा त्या आईच्या डोळ्यांत काहीच दिसत नाही. "आमच्या घराण्यात नव्हतं हो असं" ह्या बोलण्याला म्हणूनच फारसा अर्थ नाही.

जनुक दुरुस्त करून हे डोळे हलते करण्याचा उपाय आज डॉक्टरांकडे नाही. शस्त्रक्रियेने पापणी थोडी उचलता येते, डोळा जरा सरळ बसवता येतो, त्यामुळे मानेला आराम पडतो. न पोचलेला तंतू मात्र पोचत नाही. मूल लहान असतानाच डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावे. झाकलेला डोळा वापरात आला नाही, तर त्याची नजर मंदावते आणि मग चष्म्यानेही ती पुरी भरून येत नाही.

शिक्षक मंडळींना एक विनंती. बुबुळे थरथरणारे मूल मान एका बाजूला वळवून वाचते, कारण त्या कोनात थरथर कमी होते. त्याची मान सरळ करायला जाऊ नका. आणि हनुवटी वर करणाऱ्या मुलाला फळ्याच्या अगदी पायथ्याशी बसवू नका, त्याला वर पाहताच येत नाही. दोन-तीन बाक मागे, फळ्यासमोर बसवा. माझा तो विद्यार्थी मागच्या बाकावर का बसत असे, हे मला फार उशिरा कळले.