शोधात काय दिसावं?

समजा, पवनी तालुक्यातल्या कोंढ्यात आठवीतली मुलगी वडिलांच्या मोबाइलवर बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करते. 2017 साली सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक मंचावरचा धडा लॉगिन न करताही उघडतो. शिक्षकांच्या प्रशिक्षणाला प्रवेश घ्यायचा, तर मात्र लॉगिन हवंच.

खरी मेख आहे ती ऑनलाइन शिक्षणाच्या अशा कुठल्याही प्रणालीतल्या शोधाच्या चौकटीत. समजा, तिथं ‘उत्तरसूची’ असं टाइप केलं की फाइलचं नाव येतं आणि खाली आतल्या मजकुराच्या दोन ओळी. फाइल विद्यार्थ्यांसाठी बंद आहे, पण उत्तर त्या दोन ओळींतच असलं तर? ‘मूडल’ या जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रणालीत 2016 च्या 3.1 आवृत्तीपासून सर्व अभ्यासक्रमांत एकत्र शोधायची सोय आली, ती दुहेरी चाळणी लावूनच. आधी, शोधणाऱ्याला प्रवेश नाही असे अभ्यासक्रम वगळायचे; मग उरलेल्या एकेका नोंदीची परवानगी तपासायची. थोडा वेळ जातो. जाऊ द्यावा!

अर्थात, माहिती साठवलेली जागाच उघडी राहिली तर चाळणी काय करणार? 2023 च्या जानेवारीत ‘दीक्षा’बाबत तसंच उघडकीस आलं. असुरक्षित सर्व्हरमुळे 10 लाखांहून अधिक शिक्षकांची नावं, फोन नंबर, ईमेल उघडे पडले होते.

शाळेत अशी प्रणाली वापरणाऱ्या गुरुजींनी, बाईंनी एक करावं: चाचणीसाठी विद्यार्थ्याचं एक खातं काढून, त्यातून आपल्याच प्रश्नपत्रिकेचं नाव शोधून बघावं. परीक्षेच्या आधी, बरं का.