रक्ताचा तराजू

विळीवर भाजी चिरतांना गृहिणीचें बोट कापतें. चार थेंब रक्त येतें आणि कांहीं मिनिटांत तें आपोआप थांबतें. हळद दाबून ती पुनः कामाला लागते. परंतु तेवढ्या अवकाशांत आपल्या देहांत केवढी धांदल उडून गेली, याची तिला कल्पनाहि नसते.

रक्ताच्या एका घन मिलिमीटरांत प्लेटलेट नांवाचे १.५ ते ४.५ लाख सूक्ष्म कण असतात. रक्तवाहिनीला छेद जातांच ते तेथें चिकटून भोकाला बूच मारतात. पाठोपाठ रक्तांतील निद्रिस्त प्रथिनें एकामागून एक जागीं होतात व फायब्रिनचें जाळें विणून तें बूच पक्कें करतात. हें काम जखमेपुरतेंच राहावें म्हणून अँटिथ्राँबिन, प्रोटीन सी व प्रोटीन एस हीं आवर घालणारीं प्रथिनेंहि रक्तांतच असतात. असा हा दोन पारड्यांचा तराजू आहे.

या तराजूवर इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा हात असतो. गरोदरपणीं तें पुष्कळ वाढतें व गोठविणारें पारडें जड होतें. प्रसूतीच्या वेळचा रक्तस्राव आटोक्यांत राहावा, अशी ही निसर्गाची तजवीज दिसते. पण जी तजवीज त्या वेळीं उपकारक, तीच अवेळीं घातक ठरूं शकते. १९६० सालीं अमेरिकेंत इस्ट्रोजेनयुक्त गोळीला संततिनियमनासाठीं मान्यता मिळाली. पुढल्याच वर्षीं इंग्लंडांतील डॉ. जॉर्डन यांनीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकांत एका परिचारिकेची हकीकत छापली. अशीच गोळी दुसऱ्या विकारासाठीं घेत असतांना तिच्या फुप्फुसांत रक्ताची गुठळी अडकली होती.

असें कां व्हावें? पोटांत गेलेली गोळी प्रथम यकृतांत पोंचते. तेथें इस्ट्रोजेनच्या प्रभावानें फायब्रिनोजेन व इतर गोठविणारे घटक अधिक निर्माण होतात, तर अँटिथ्राँबिन व प्रोटीन एस घटतात. प्लेटलेटांचा दोष मात्र यांत थोडा. उलट नैसर्गिक इस्ट्रोजेन रक्तवाहिनीच्या अस्तराकडून नायट्रिक ऑक्साइड व प्रोस्टासायक्लिन स्रवून घेतें, आणि त्यांमुळें प्लेटलेट शांत राहतात. म्हणून ही गुठळी बहुधा पायांच्या नीलांत धरते. कारण तेथें रक्त संथ वाहतें आणि फायब्रिनचेंच राज्य असतें.

यावरून गोळीची धास्ती घेण्याचें कारण नाहीं. वर्षाकाठीं १०,००० तरुण स्त्रियांमागें गोळी न घेणाऱ्या १ ते ५ जणींना अशी गुठळी होते. घेणाऱ्या ३ ते ९ जणींना. गरोदर स्त्रियांत ५ ते २० जणींना. बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यांत धोका याहूनहि पुष्कळ अधिक असतो. शिवाय मात्राहि उतरली आहे. आरंभीच्या गोळींत १५० मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेन असे. आपल्याकडील ‘माला-एन’मध्यें तें ३० असतें.

खरा धोका आहे तो न विचारतां घेण्यांत. घरांत मंगलकार्य निघालें कीं पाळी लांबविण्याच्या गोळ्या परस्पर आणविल्या जातात. त्यांत बहुधा नॉरएथिस्टेरॉन असतें. तें इस्ट्रोजेन नव्हे. परंतु मोठ्या मात्रेंत घेतल्यास त्याचा अल्प अंश देहांत इस्ट्रोजेनांत पालटतो. “चार दिवसांचा तर प्रश्न!” असें म्हणून सुनेच्या हातीं गोळी ठेवणाऱ्या सासूबाईंनीं आधीं विचारावें: तिला किंवा तिच्या माहेरीं कोणाला पूर्वीं गुठळी झाली होती काय? रक्तदाब, धूम्रपान, डोळ्यांपुढें काजवे चमकून उठणारी अर्धशिशी, नुकतीच झालेली प्रसूति किंवा शस्त्रक्रिया यांपैकीं कांहीं आहे काय? उत्तर कांहींहि असो, गोळी द्यावी ती डॉक्टरांनींच.

आणि एकच पाय सुजून पोटरी दुखूं लागली, अथवा एकाएकीं दम लागून छातींत कळ आली, तर शेकत बसूं नये. तत्काळ रुग्णालय गांठावें आणि गोळीची गोष्ट लपवूं नये. लाजेपायीं न सांगितलेलें एक वाक्य कधीं कधीं जिवावर बेततें. कार्य पुढें ढकलतां येतें, पाळीचा विटाळ मनांतून काढतां येतो. गेलेली लेक मात्र परत आणतां येत नाहीं.